रात्रीच्या ट्रेलसाठी लाईट निवडताना: आधी सावली, मग लुमेन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकल हार्डटेल आहे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. थंडीत ऑफिस सुटल्यावर लवळे, मुळशी, पानशेतच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर रात्री जायचं आहे. बजेट सहा हजार. समोर दोन लाईट आहेत. एक चार हजारांचा, १२०० लुमेनचा (लुमेन हे प्रकाशाचं माप), आत ५००० एमएएचचा एक सेल, आणि डब्यावर ‘पूर्ण प्रकाशावर अडीच तास’ असं लिहिलेलं. दुसरा दीड हजारांचा, ‘१०,००० लुमेन’वाला. ट्रेकिंगचा हेडलॅम्प घरात आहेच, तो हेल्मेटला बांधला तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, ‘नक्की किती लुमेन पुरतात?’

मी पुण्यात सायकल दुरुस्तीचं काम करते आणि दिवाळीपासून होळीपर्यंत काही जणांना घेऊन रात्री अशाच वाटांवर जाते. त्यामुळे लाईट विकत घेतानाचे प्रश्नही माझ्यापर्यंत येतात आणि घेतल्यावर उतारावर काय होतं तेही दिसतं. त्या अनुभवावरून सांगते.

‘किती लुमेन’ हा प्रश्न डांबरी रस्त्यावर ठीक आहे. ट्रेलवर डोळ्याला वेगळंच काहीतरी हवं असतं. समोरचा दगड चार बोटं उंच आहे की वीतभर? तो काळा पट्टा म्हणजे ओली माती आहे की पावसाने कापलेली घळ? हे आपल्याला उजेडावरून कळत नाही, सावलीवरून कळतं. भर दुपारी सपाट वाटणारं माळरान संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाचखळग्यांनी भरलेलं दिसतं, तसंच हे. म्हणून लाईट किती मोठा यापेक्षा तो डोळ्यापासून किती खाली आहे, याचा विचार मी आधी करते.

हँडलबारवरचा लाईट डोळ्यांच्या बराच खाली असतो, साधारण दोन-अडीच फूट. तिथून निघालेला झोत दगडाला समोरून लागतो, दगडामागे सावली पडते, आणि आपण वरून पाहत असल्यामुळे ती सावली आपल्याला दिसते. तिच्या लांबीवरून दगडाची उंची कळते. हेल्मेटवरचा लाईट डोळ्यांच्या जेमतेम चार बोटं वर असतो. तो पाडतो ती सावली नेमकी दगडाच्या आड लपते. सगळं उजळ दिसतं, पण सपाट. नुसत्या हेल्मेट लाईटवर मुरुमाच्या उतारावर आलेले लोक मला नेहमी एकच सांगतात: ‘दिसत होतं सगळं, पण धक्के अचानक येत होते.’

मग हेल्मेटवर लाईट लावायचाच कशाला? कारण हँडलबारचा लाईट चाक जिकडे वळलंय तिकडेच पाहतो. अरुंद पायवाटेवर उलटं वळण आलं की तुमची नजर वळणाच्या पुढे गेलेली असते आणि झोत मात्र घाणेरीच्या झुडपात अडकलेला असतो. चढ संपून एकदम उतार लागतो तिथे हँडलबारचा झोत क्षणभर आभाळात जातो, आणि नेमकं त्याच क्षणी खाली काय आहे ते पाहायचं असतं. पंक्चर काढताना, वाटेतलं फाटक उघडताना, सायकल उचलून ओढा पार करताना तर डोक्यावर लाईट लागतोच. शिवाय इथे साप आहेत. फुरसं वीत-दीड वीत लांबीचं असू शकतं आणि मुरुमाच्या रंगात पूर्ण मिसळून जातं. पाय टेकण्याआधी तिथे उजेड पडलेला असावा, यावर मी कुणालाच सूट देत नाही.

तर उत्तराचा गाभा हा: दोन लाईट, दोन उंचींवर, आणि उतारावर हँडलबारचा प्रकाश हेल्मेटच्या प्रकाशापेक्षा जास्त. हे शेवटचं वाक्य बहुतेक लोक उलटं करतात. हेल्मेटचा लाईट जास्त प्रखर असेल तर तो हँडलबारच्या लाईटने पाडलेल्या सावल्या पुसून टाकतो, आणि दोन लाईट लावूनही वाट सपाटच दिसते.

आता लुमेनकडे येऊ. किती प्रकाश लागेल ते तुमच्या वेगावर ठरतं, आणि वेग वाटेवर ठरतो. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अडथळा दिसून ब्रेकवर बोट दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात आठ मीटर गेलेले असतात. सुट्या मुरुमावर थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. म्हणजे बारा मीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवं. ताशी ३० ला हे अंतर एकवीस मीटरच्या आसपास जातं आणि ४० ला तीस मीटरच्या पुढे. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा असेल तर झोताची तीव्रता चौपट लागते. वेग थोडा वाढवला की लाईट अपुरा का वाटायला लागतो, ते यातून कळेल. पायवाटेवर रात्री ताशी १५ ते २० च्या वर फार कमी लोक सुरक्षितपणे जातात. बैलगाडीच्या रुंद वाटेवर उताराला मात्र तिशी सहज गाठली जाते.

लुमेन म्हणजे लाईटमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो हे त्या आकड्यात नसतं. ८०० लुमेन पाच मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरले तर तिथे सरासरी ४० लक्स मिळतात (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन). तेच दहा मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरले तर १०. म्हणून हँडलबारला रुंद झोत हवा, कडा मऊ असलेला, म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजू दिसतात. हेल्मेटला त्यापेक्षा अरुंद, लांब जाणारा झोत बरा. जर्मन नियमांनुसार बनवलेले काही लाईट वरचा प्रकाश सरळ रेषेत कापतात, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. रस्त्यावर ते उत्तम. ट्रेलवर मात्र डोक्याच्या उंचीला आलेली बाभळीची फांदी त्यांच्या उजेडात दिसतच नाही, आणि खडबडीत उतारावर ती कापलेली रेषा सतत वरखाली नाचते.

डब्यावर ‘झोत २०० मीटर’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थही माहीत असू द्या. टॉर्चसाठी जे अमेरिकी एफएल-१ मानक वापरतात, त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स उरतो ती जागा. पाव लक्स म्हणजे स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं. सायकल चालवायला तेवढा पुरत नाही. त्या अंतराला मी चारने भागते: २०० मीटरवर पाव लक्स असेल तर ५० मीटरवर चार लक्स मिळतात. ते कामाचं अंतर, तेही झोताच्या मध्यभागी.

याच मानकात लुमेन मोजतात ते लाईट लावल्यानंतर तीस सेकंद ते दोन मिनिटांच्या आत, आणि ‘चालण्याचा वेळ’ मोजतात तो प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे १२०० लुमेन आणि अडीच तास हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, पण एकत्र खरे असतीलच असं नाही.

तुमच्याच लाईटचा हिशोब करू. ५००० एमएएचचा २१७०० मापाचा सेल ३.६ व्होल्टला साधारण १८ वॉट-तास ऊर्जा देतो. चांगला एलईडी, भिंग, सर्किट सगळं धरून एका वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन बाहेर येतात. मी ११० धरते. १२०० लुमेनला जवळजवळ अकरा वॉट लागतील. अठराला अकराने भागलं तर दीड तासापेक्षा थोडं जास्त. अडीच तास चालत असेल तर सरासरी सव्वासात वॉट, म्हणजे ८०० लुमेनच्या आसपास. याचा अर्थ तो लाईट सुरुवातीला १२०० देऊन हळूहळू खाली येतो. माझ्या मते हा लाईट वाईट नाही. त्याला ८०० लुमेनचा लाईट समजून घ्या, आणि ८०० लुमेनचा नीट पसरलेला झोत हँडलबारवर तुमच्या वाटांना पुरतो. १००० आणि १३०० मधला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो, कारण प्रकाश दुप्पट झाला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही.

हाच हिशोब दीड हजारवाल्या लाईटला लावा. १०,००० लुमेनला नव्वद वॉट लागतील. त्यातला मोठा भाग उष्णता होऊन त्या मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून बाहेर पडायला हवा. तासभर चालवायला ‘१८६५०’ मापाचे, ३५०० एमएएचचे सातहून अधिक सेल लागतील. इतकं त्या डब्यात मावत नाही आणि त्या किमतीत येत नाही. बाजारात ‘टी६’ नावाने मिळणाऱ्या अशा बहुतेक लाईटांमध्ये क्री कंपनीच्या एक्सएम-एल जातीचा किंवा त्याची नक्कल असलेला एलईडी असतो. अस्सल एक्सएम-एल पूर्ण ताकदीवर, ३ अँपिअरला, १००० लुमेनच्या आसपास देतो. एलईडी मोजा, म्हणजे आकड्यात किती हवा भरली आहे ते दुकानातच कळेल.

पण खोट्या लुमेनपेक्षा मला त्या लाईटांसोबत येणाऱ्या सेलची जास्त काळजी वाटते. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत सहसा ३५०० ते ३६०० एमएएच बसतात, त्याच्या फार वर काही जात नाही. ९९०० एमएएच छापलेला सेल नकली आहे, यात शंकेला जागा नाही. भरीव सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. माझ्याकडे कुणी असा सेल आणला की मी आधी तो काट्यावर ठेवते. तीस-पस्तीस ग्रॅमचा निघाला तर तो चार्जसुद्धा करत नाही. लिथियमचा सेल झाकण नसलेल्या स्वस्त चार्जरवर रात्रभर लावून झोपू नका. सेल किंवा पॅकवर बीआयएसचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का ते बघा. भारतात अशा सेलना ही नोंदणी सक्तीची आहे.

पूर्ण प्रकाश लागतो तरी किती वेळ? अडीच तासांच्या राईडमध्ये बहुतेक वेळ चढात जातो. चढाला ताशी सहा-आठचा वेग असतो, २०० लुमेन भरपूर होतात. वॉटमध्ये मोजलं तर दोन. दीड तास चढाला तीन वॉट-तास, नंतर पाऊण तास उताराला हजार लुमेन म्हणजे सातेक वॉट-तास. एकूण दहा. तुमच्या सेलमध्ये अठरा आहेत. चढाला वारा लागत नाही, त्यामुळे लाईट तापतो आणि स्वतःच मंद होतो. तेव्हा चढाला प्रकाश कमी ठेवण्यात तोटा काहीच नाही, उलट डोळे अंधाराला सरावतात. पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि हँडलबारवरच्या मोबाईलचा पांढरा नकाशा ते सगळं एका क्षणात घालवतो. नकाशा लागणारच असेल तर स्क्रीन अगदी मंद करा.

म्हणून बटण नीट तपासा. माझ्यासाठी हे हजार लुमेनइतकंच महत्त्वाचं आहे. हातमोज्यातल्या अंगठ्याने, हात हँडलवरून न काढता, प्रकाश कमी-जास्त करता आला पाहिजे. मोड बदलताना मध्ये ‘बंद’ किंवा लुकलुकणारा मोड येत असेल तर तो लाईट ट्रेलसाठी घेऊ नका. ताशी पंचविसाने उतरताना अर्धा सेकंद पूर्ण अंधार म्हणजे साडेतीन मीटर आंधळेपणाने जाणं. लाईट बंद करायला बटण दाबून धरावं लागतं, ती रचना योग्य.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. निळसर पांढरा, म्हणजे ६५०० केल्विनचा प्रकाश आकड्यात जास्त भरतो, पण आपल्याकडच्या काळ्या कातळावर आणि तपकिरी मुरुमावर सगळं राखाडी दिसतं. ४००० ते ५००० केल्विनच्या प्रकाशात सुकलेलं गवत, माती आणि दगड वेगळे ओळखू येतात. कोकणात किंवा गोव्यात जांभ्यावर चालवणाऱ्यांना हा फरक आणखी जाणवेल. दोन लाईटांपैकी एकच असा मिळत असेल तर तो हँडलबारला लावा.

आता तुमच्या हेडलॅम्पबद्दल. तो हेल्मेटवर चालेल, दोन अटींवर. इलॅस्टिकचा पट्टा हेल्मेटवरून घसरतो, तेव्हा हेल्मेटच्या भोकांतून केबल-टाय घालून तो चार ठिकाणी बांधा. आणि उतारावर तो एकटा वापरू नका. २००-३०० लुमेनचा हेडलॅम्प हँडलबारच्या ८०० लुमेनसोबत अगदी योग्य प्रमाणात बसतो. उद्या खास हेल्मेट लाईट घ्याल तेव्हा वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत ठेवा. डोक्यावर पुढे लटकणारं वजन दोन तासांनी मानेला कळतं. फांदी अडकली तर लाईट सुटून पडावा अशी त्याची पकड असावी.

झोत कसा लावायचा तेही सांगते, कारण चांगला लाईट चुकीच्या कोनात लावलेला मी फार पाहते. हँडलबारच्या झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर ठेवा. हेल्मेटचा पंधरा ते वीस मीटरवर, सायकलवर बसून, नेहमीच्या पवित्र्यात नजर समोर ठेवून. पुढच्या चाकाजवळ लख्ख उजेड पाडू नका. तिथे पोचलेल्या गोष्टीचं काही करता येत नसतं, आणि डोळे त्या उजेडाला सरावून लांबचं अंधुक होतं. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल झोतासमोर येत नाहीत ना ते पाहा, नाहीतर वाटेवर त्यांच्या काळ्या रेघा नाचत राहतात. रबरी पट्ट्याचा माउंट खडकाळ उतारावर हळूहळू खाली झुकतो. त्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, पकड घट्ट होते. माउंट घेण्याआधी हँडलबारचा मधला व्यास मोजा. ३१.८ आणि ३५ मिलिमीटर ही दोन्ही मापं चालतात आणि प्रत्येक माउंट दोन्हींना बसत नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. धुकं असेल किंवा पुढच्या सायकलींनी धूळ उडवली असेल तर हेल्मेटचा लाईट बंद करा, कारण डोळ्यासमोरचा प्रत्येक कण तो उजळवतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसाळ्यात जाणार असाल तर लाईट पाण्याला किती टिकतो ते सांगणारी ‘आयपीएक्स’ श्रेणी बघा: आयपीएक्स४ फक्त शिंतोड्यांना पुरतो, सह्याद्रीच्या पावसाला आयपीएक्स६ हवा. ऑक्टोबरात वाटेवर गवत गुडघाभर असतं, दगड त्याखाली लपलेले असतात, आणि तिथे कुठलाच लाईट मदत करत नाही. तेव्हा मी रात्रीच्या राईड गवत कापून किंवा सुकून वाट मोकळी झाल्यावरच सुरू करते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तेवढंच पाहायला जास्त प्रकाश लागतो. तुम्ही त्या वयाचे असाल तर हेल्मेटसाठी चारशे-पाचशे लुमेनचा विचार करा, पण हँडलबार त्याहून प्रखर असू द्या.

वाटेवर फक्त आपणच नसतो. समोरून शेतावरून परतणारा माणूस किंवा दुचाकी आली की हँडलबारचा प्रकाश कमी करा आणि हेल्मेटचा झोत खाली वळवा. बोलताना तर हेल्मेटचा लाईट बंदच करायचा. समोरच्याच्या डोळ्यात हजार लुमेन घालून रस्ता विचारणं बरं नाही. वाटेवर दोन लाल ठिणग्या जमिनीलगत चमकल्या तर बहुतेक वेळा तो रातवा असतो. हा पक्षी कच्च्या रस्त्यावर बसतो आणि अगदी जवळ गेल्यावर उडतो, तेव्हा वेग आधीच कमी करा. गवतात हिरवट बारीक ठिपके चमकतात ते कोळ्यांचे डोळे. उंचावर, एकमेकांपासून लांब असे दोन डोळे दिसले तर थांबा. ती बहुधा गाय किंवा म्हैस असते, पण मुळशी-पानशेतच्या पट्ट्यात बिबट्याही आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका, आणि वनखात्याची हद्द असेल तिथे रात्री जायला परवानगी आहे का ते आधी विचारा. मे-जूनमध्ये काजव्यांच्या जागांकडे तर लाईट घेऊन जाऊच नका. त्यांचं सगळं मीलन अंधारातल्या लुकलुकण्यावर चालतं आणि आपला झोत त्यात थेट अडथळा आणतो.

मागचा लाल लाईट विसरू नका, घरी परतताना डांबरी रस्ता आणि ट्रक आहेतच. ट्रेलवर तो मंद आणि स्थिर ठेवा. लुकलुकणारा लाल दिवा मागून येणाऱ्याला अंतराचा अंदाज लागू देत नाही.

तर तुमच्या सहा हजारांचं मी असं करेन. चार हजारांचा तो लाईट घ्या, पण आधी तीन गोष्टी खात्रीने विचारा: सेल काढून बदलता येतो का, मोड बदलताना प्रकाश बंद होतो का, आणि झोत रुंद आहे का. त्याच्या भिंतीवरच्या उजेडाचा फोटो मिळाला तर तोही मागा. हेडलॅम्प हेल्मेटला बांधा. उरलेल्यात चांगला मागचा लाईट आणि खात्रीच्या दुकानातला एक जादा सेल येईल, तो प्लास्टिकच्या डबीत ठेवून खिशात टाका, नाण्यांसोबत मोकळा नको. पहिली राईड दिवसा पाठ झालेल्या वाटेवर करा आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी निघा, म्हणजे अंधार हळूहळू येईल आणि दोन्ही लाईटांचे कोन थांबून जुळवता येतील. तुमच्या वाटा बहुतांश बैलगाडीच्या आहेत की अरुंद पायवाटेच्या, आणि हँडलबारचा व्यास किती, हे कळवलंत तर माउंट आणि हेल्मेट लाईटबद्दल आणखी नेमकं सांगते.